नित्याच्या जीवनातील ख्रिस्तानुकरण : 'स्मृतिचित्रे'चे एक वाचन

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुतांशी धर्मांतराच्या घटनेभोवती फिरत राहिला आहे. बाबा पदमनजी १८५४ मध्ये, पंडिता रमाबाई १८८३ मध्ये आणि नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. या घटनांनी त्या त्या वेळी समाजात मोठा क्षोभ निर्माण केला आणि पुढे वाङ्मयेतिहासकारांनाही प्रश्न पुरवले. या व्यक्तींनी पूर्वजांचा धर्म का सोडला, नव्या धर्मात त्यांना काय गवसले, त्यांच्या लेखनावर मिशनऱ्यांचा प्रभाव किती आणि संतपरंपरेचा किती, या प्रश्नांची चर्चा भरपूर झाली आहे. बाप्तिस्म्यानंतरच्या जीवनाचा प्रश्न मात्र बाजूला राहिला. पाणी भरणे, चूल पेटवणे, उधारी फेडणे, आजाऱ्याजवळ बसणे ही कामे धर्मांतरानंतरही तशीच उरतात. प्रीती, क्षमा, नम्रता, सहनशीलता हे ख्रिस्ताच्या ठिकाणचे गुण या कामांतून माणसाच्या अंगी कसे बाणतात, किंवा का बाणत नाहीत, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही आहे. कारण सद्गुणांची व्याख्या प्रवचनातून करता येते. त्यांची घडण दाखवण्यासाठी मात्र कथन लागते.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांतील त्याचे अग्रस्थान निर्विवाद आहे. प्रांजळपणा, निर्मळ विनोद आणि बोलीची सहजता हे त्याचे गुण प्रत्येक पाठ्यपुस्तकात नोंदवले जातात. मात्र हे गुण शैलीचे म्हणून नोंदवले जातात आणि ग्रंथाचे ख्रिस्तीपण हा चरित्रविषयक तपशील मानला जातो. शैली आणि धर्म यांची ही फाळणी ग्रंथाच्या आकलनात अडथळा आणणारी आहे. लक्ष्मीबाईंच्या निवेदनाची रीत हीच त्यांच्या ख्रिस्ती शीलाची रीत आहे, आणि त्या रीतीतूनच हा ग्रंथ एक अवघड प्रश्न उभा करतो : एकाच्या सद्गुणाची किंमत दुसरे कोणी मोजत असेल, तर त्या सद्गुणाचे मोल काय? हे प्रतिपादन पुढील विवेचनात तपासले आहे.

२

'ख्रिस्तानुकरण' या कल्पनेला युरोपात दीर्घ इतिहास आहे. पंधराव्या शतकात थॉमस आ केम्पिस याच्या नावाने लॅटिनमध्ये प्रसृत झालेला या विषयावरील ग्रंथ मठवासीयांसाठी होता. जगापासून दूर होऊन अंतःकरणाचा शोध घेणाऱ्या साधकाला तो उपदेश करतो. प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर मठाच्या भिंती वैचारिक अर्थाने कोसळल्या. धार्मिक जीवनाचे स्थान घर, शेत आणि दुकान येथे आले. तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर याने 'सोर्सेस ऑफ द सेल्फ' (१९८९) या ग्रंथात या स्थित्यंतराला आधुनिक आत्मभानाच्या घडणीत मध्यवर्ती स्थान दिले आहे. सामान्य जीवनाला प्राप्त झालेल्या या प्रतिष्ठेबरोबर एक पेचही आला. माणूस कर्माने नव्हे, कृपेने तरतो, असे मानणाऱ्या परंपरेत सद्गुणांचा अभ्यास करावयाचा तरी कशासाठी? ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात सद्गुण सवयीने जडतो. न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र प्रीती, आनंद, शांती आदी नऊ गोष्टींना आत्म्याचे फळ म्हटले आहे. फळ धरते, ते घडवता येत नाही. पण झाडाला पाणी घालणे, आळे करणे, कीड काढणे हे काम कोणाला तरी करावेच लागते.

मराठी मनाला हा पेच अपरिचित नाही. साधना आणि कृपा यांच्या संबंधाचा विचार वारकरी संतांनी शतकानुशतके केला आहे. मराठीत ख्रिस्ती जीवनाची भाषा घडत असताना तिला ही तयार भूमी मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' (१६१६) सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांपुढे ख्रिस्ताचे चरित्र पुराणाच्या रूपाने ठेवण्याचा तो प्रयत्न होता. त्यात आदर्श आहे, भव्यता आहे. ऐकणाऱ्याचे रोजचे जीवन त्यात येत नाही आणि पुराणाच्या रचनेत ते येण्याची अपेक्षाही नाही. पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये नित्याचे जीवन येते, परंतु ते विधवांच्या दुःखाचा पुरावा म्हणून येते. नायिका यमुना ही आरंभापासूनच शीलवती आहे. तिचे शील घडताना वाचकाला दिसत नाही. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्राचे नावच पहाटेचे आहे. ख्रिस्ती श्रद्धेपर्यंतचा प्रवास हा त्याचा गाभा आहे. उजाडल्यानंतरच्या दिवसाचे वर्णन हा त्याचा हेतू नव्हे. ऑगस्टीनपासून चालत आलेल्या कबुलीजबाबाच्या आत्मचरित्राची हीच घडण होय. अंधार, संघर्ष आणि प्रकाश या क्रमात प्रकाशाच्या क्षणी कथेचा ताण संपतो.

३

नारायण वामन टिळकांच्या ठिकाणी हा क्रम अपुरा पडू लागतो. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि गिरिप्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ख्रिस्ताचा जन्म, चमत्कार किंवा पुनरुत्थान यांपैकी कशानेही त्यांना प्रथम ओढले नाही; वागण्याविषयीच्या एका प्रवचनाने ओढले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यामुळे त्यांच्या काव्यात ख्रिस्त हा गुरू, सखा आणि माउली या नात्यांनी येतो, आणि शिष्याने गुरूसारखे होणे हा त्या काव्याचा ध्यास राहतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. या विधानाचा अर्थ सहसा भक्तीच्या आर्ततेपुरता घेतला जातो. तुकारामाच्या अभंगांत आत्मपरीक्षणाची जी निर्दय सवय आहे, तीही या पुलाचा भाग आहे. स्वतःच्या दोषांची रोजची झडती घेणे हे टिळकांनी संतपरंपरेकडूनच घेतले.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही या दरबारात स्थान होते. ख्रिस्ती म्हणजे अमुक मंडळीचा सभासद, ही व्याख्या बाजूला ठेवून ख्रिस्ताप्रमाणे जगू पाहणारा तो ख्रिस्ती, अशी व्याख्या त्यामागे होती. या प्रयोगाचा श्रोता कोण, हे ध्यानात घेतले म्हणजे टिळकांच्या भाषेचे प्रयोजन कळते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा रस्ता कात्रजचा घाट ओलांडून कापूरहोळ, किकवी, शिरवळ अशी गावे घेत जातो. आज भोर तालुक्यात असलेल्या किकवीसारख्या गावात मिशनची परिभाषा परकी वाटली असती. अभंग, कीर्तन आणि ओवी यांना मात्र तेथे ओळख करून देण्याची गरज नव्हती. क्षमा, शांती, दया हे शब्द त्या श्रोत्याने हरिकथेत ऐकलेले होते. टिळकांचे काम त्या शब्दांना एका विशिष्ट व्यक्तीचा चेहरा देण्याचे होते.

पण याच ठिकाणी एक अडचण आहे. अभंग हा एकट्या जीवाचा देवाशी होणारा संवाद होय. त्यात 'मी' आणि 'तू' असतात. शेजारच्या खोलीतील तिसरे माणूस क्वचित असते. संन्यास हा तर नित्याच्या जीवनापासून सुटण्याचाच आपला पारंपरिक मार्ग आहे. त्यामुळे ख्रिस्ती सद्गुणांची उत्कट आळवणी टिळकांच्या काव्यात आहे, पण त्या सद्गुणांचा घरातील व्यवहार कसा चालला, हे त्या काव्यातून कळत नाही. ते सांगण्याचे काम तिसऱ्या माणसाने केले. ते माणूस म्हणजे लक्ष्मीबाई.

४

'स्मृतिचित्रे'ची रचना पाहता प्रथम जाणवते ती गोष्ट अशी, की बाप्तिस्मा हा तिचा उत्कर्षबिंदू नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, तरी आपला आचार त्यांनी एकदम सोडला नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रूढ धर्मांतरकथेच्या दृष्टीने पाहिले, तर हा सर्व काळ म्हणजे निर्णयाआधीची दिरंगाई. ग्रंथात मात्र हा काळच कथनाचा खरा विषय होऊन बसतो, कारण या काळात त्यांच्या सवयी बदलतात.

या बदलाचे महत्त्व कळण्यासाठी ग्रंथाचा आरंभ पाहावा लागतो. १८५७ च्या बंडाच्या संदर्भात लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू, प्रत्येक स्पर्श आणि मुलांची प्रत्येक हालचाल या सोवळ्याच्या कक्षेत आली. लक्ष्मीबाईंनी हे सर्व हसत हसत सांगितले आहे, पण त्या हसण्याखाली एक अचूक निरीक्षण आहे. सोवळे ही शरीराला लावलेली शिस्त आहे. ती रोज, दर तासाला पाळावी लागते आणि पाळता पाळता ती माणसाचा स्वभाव होते. सद्गुण सवयीने जडतो, या सिद्धांताचे हे उलटे उदाहरण म्हणावे लागेल. येथे सवय आहे, सातत्य आहे, स्वतःवरील कठोर नियंत्रण आहे. फक्त प्रीती नाही. शिस्तीचा सारा भार घरातील बायका आणि मुले वाहतात आणि पावित्र्य मात्र एकट्या घरधन्याच्या खात्यावर जमा होते.

अशा घरात वाढलेल्या स्त्रीला परक्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिणे हे मतपरिवर्तनाने साधत नाही. मन पटले तरी हात मागे येतो. लक्ष्मीबाईंनी जातीविषयीच्या आपल्या विचारांतील बदलाचे जे वर्णन केले आहे, त्यात तर्क आहे आणि त्या तर्काची भाषा अगदी साधी, घरगुती आहे. देवाने माणूस केला, जाती माणसांनी केल्या, अशा आशयाचा तो विचार आहे. परंतु ग्रंथाचा भर तर्कावर नसून पाण्याच्या भांड्यावर आहे. पंक्तिभेद सुटणे, भांड्याला भांडे लागणे, दुसऱ्याने रांधलेले गिळणे या क्रिया होऊन गेल्यावर बाप्तिस्मा येतो आणि तो झालेल्या बदलावर शिक्का मारतो. श्रद्धा आधी आणि आचार नंतर, या प्रॉटेस्टंट क्रमाचा येथे उलटा प्रत्यय येतो. कृपेचा मार्ग स्वयंपाकघरातून गेला, असे लक्ष्मीबाईंचे निवेदन कोणतीही परिभाषा न वापरता सुचवते.

एरिख आउअरबाख याने 'मायमेसिस' (१९४६) मध्ये शैलींच्या भेदाविषयी मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ग्रीक-रोमन वाङ्मयात सामान्य माणसाचे नित्याचे जीवन हे विनोदाचे क्षेत्र होते, तर गंभीर आणि उदात्त शैली थोरांसाठी राखलेली होती. शुभवर्तमानांनी ही व्यवस्था मोडली. अंगणात शेकत बसलेला एक कोळी एका दासीच्या प्रश्नाने घाबरून आपल्या गुरूला नाकारतो, हा प्रसंग हास्यास्पदही नाही आणि राजेशाहीही नाही. तरी त्यात परमगंभीर असे काही घडते. 'स्मृतिचित्रे'त क्षुल्लक आणि गंभीर यांची जी सरमिसळ आहे, तिचे नाते या परंपरेशी आहे. याला आणखी एक पुरावा आहे. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. एकाच लेखिकेने ख्रिस्ताचे चरित्र पुराणाच्या उदात्त शैलीत आणि स्वतःचे चरित्र ओसरीवरच्या बोलीत लिहिले. समीक्षेने ही दोन कामे दोन कप्प्यांत ठेवली आहेत. वास्तविक एकातील आदर्शाची परीक्षा दुसऱ्यातील ओसरीवर होते.

५

ही परीक्षा सर्वांत कठोर होते ती औदार्याच्या बाबतीत. टिळकांचा हात सढळ होता. पैसा हाती टिकत नसे. दारी आलेल्याला नाही म्हणणे त्यांना जमत नसे. अनाथ आणि निराश्रित मुले घरी येत आणि घरचीच होऊन जात. गिरिप्रवचनातील उद्याची चिंता न करण्याचा आदेश टिळकांनी अक्षरशः पाळला, असे म्हणता येईल. पण उद्या तर उजाडतोच. त्या दिवशीच्या पिठाची, तेलामिठाची आणि वाण्याच्या उधारीची चिंता कोणीतरी करावीच लागते. घरातील एकाने निश्चिंत राहण्यासाठी दुसऱ्याला दुप्पट चिंता वाहावी लागते, हे गृहस्थी अर्थशास्त्र लक्ष्मीबाईंच्या निवेदनात प्रसंगाप्रसंगाने उलगडत जाते.

टिळकांवरील चरित्रात्मक आणि गौरवपर लेखनात हे प्रसंग कविवृत्तीची मौज किंवा संतवृत्तीची साक्ष म्हणून येतात. पत्नीची त्रेधा ही त्या मौजेतील चव होते. 'स्मृतिचित्रे' वरवर पाहता याच रीतीने वाचता येते. त्यातील विनोद तशा वाचनाला वाव देतो. पण हा विनोद कोणाच्या बाजूने उभा आहे, हे पाहिले पाहिजे. निवेदिका पतीला हसते, आणि त्याहून अधिक स्वतःला हसते. मात्र हसताना ती तपशील सोडत नाही. घरात काय होते, काय नव्हते, कोण उपाशी राहिले, कोणी काय विकले किंवा गहाण टाकले, याची नोंद ती ठेवते. म्हणून वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदर आणि त्या आदराविषयी शंका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी राहतात. चरित्रनायकाला देवत्व देणारे लेखन असे करू शकत नाही. तक्रारीचे लेखनही असे करू शकत नाही, कारण तक्रारीत टिळकांच्या औदार्याची खरी थोरवी हरवून गेली असती. त्यांचे देणे खरे होते, आणि त्याची किंमत घरातल्यांनी मोजली हेही खरे होते.

या ठिकाणी क्षमा आणि सोशिकता यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठी समाजाने स्त्रीच्या ठायी सोशिकता हा गुण फार पूर्वीपासून कल्पिला आहे. सोसावे, बोलू नये आणि न बोलण्यातच मोठेपण मानावे, हा तिचा आशय. मिशनरी उपदेशातील सहनशीलता आणि नम्रता मराठीत उतरल्या, तेव्हा त्यांना ही तयार खोबण सापडली. ख्रिस्ताचे अनुकरण म्हणजे बाईने आणखी थोडे सोसणे, असा अर्थ त्यातून सहज निघू शकत होता आणि अनेक ठिकाणी तो निघालाही. लक्ष्मीबाईंचे वेगळेपण असे, की त्यांच्या क्षमेत मौन नाही. त्या भांडतात, रुसतात, पतीला उलट उत्तर देतात आणि वयाच्या साठीनंतर सारा हिशेब लिहून काढतात. क्षमा करण्यासाठी काय घडले ते आधी सांगावे लागते. जे सांगितलेच नाही, त्याची क्षमा होत नाही, फक्त ते विसरले जाते किंवा आत कुजते. या अर्थाने 'स्मृतिचित्रे'तील निवेदन हीच क्षमेची कृती आहे. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांचे न सांगता घर सोडून जाणे, धर्मांतराच्या वेळी पत्नीला आलेले एकटेपण यांपैकी काहीही झाकलेले नाही. तरी ग्रंथभर त्या माणसाविषयीचे प्रेम उणावत नाही. या दोहोंचा मेळ घालणारे साधन म्हणजे तो सुप्रसिद्ध विनोद. त्याला केवळ शैलीचा अलंकार मानल्यास ग्रंथातील नैतिक कामगिरीच दिसेनाशी होते.

लक्ष्मीबाईंचे औदार्यही याच अंगाने पाहावे लागते. प्रारंभी त्या पतीच्या दातृत्वाच्या बळी आहेत. हळूहळू त्या स्वतः दात्या होतात. प्लेगच्या दिवसांत त्यांनी केलेली रुग्णसेवा आणि टाकलेल्या, नकोशा झालेल्या मुलांना दिलेले घर यांची हकीकत त्याच हलक्याफुलक्या स्वरात येते. पण पतीच्या देण्यात आणि त्यांच्या देण्यात फरक आहे. टिळक आवेगाने देतात, लक्ष्मीबाई मोजून देतात. काय उरले आहे हे त्यांना ठाऊक असते आणि ठाऊक असून त्या देतात. आवेगाच्या दानाला एक क्षण पुरतो. हिशेब ठेवून केलेले दान रोज नव्याने करावे लागते. नित्याच्या जीवनातील सद्गुण या शब्दप्रयोगाला काही नेमका अर्थ असेल, तर तो या दुसऱ्या प्रकारात आहे.

६

या वाचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की लक्ष्मीबाईंच्या ठिकाणचे हे गुण ख्रिस्ती म्हणण्याचे कारण काय? विनोद, सोसण्याची ताकद, परदुःखाची कणव हे त्यांचे स्वभावगुण होते; त्या हिंदू राहिल्या असत्या तरी ते असतेच. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. कृपा निसर्गाचा नाश करत नाही, त्याला पूर्णत्व देते, असे मध्ययुगीन धर्मशास्त्राचे मत आहे. ग्रंथाच्या पुराव्यापुरते बोलावयाचे, तर स्वभावगुणांना नवे क्षेत्र मिळाले, हे दिसते. सोवळ्याच्या घरातील कणव जातीच्या कुंपणापाशी थांबली असती. ते कुंपण गेल्यामुळे ती प्लेगच्या रोग्यापर्यंत आणि कोणा परक्याच्या मुलापर्यंत पोहोचली. तेव्हा धर्मांतराचा परिणाम नवा गुण देण्यात नसून जुन्या गुणाची व्याप्ती बदलण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचे मूळ महार आणि मांग समाजांत होते. टिळक दांपत्य या लोकांमध्ये राहिले, वावरले. तथापि 'स्मृतिचित्रे'त ही माणसे ब्राह्मण घरातून आलेल्या स्त्रीच्या दृष्टीने दिसतात. त्यांचे स्वभाव, लकबी, त्यांचे प्रेम यांची चित्रे आहेत. त्यांच्या अंतर्जीवनात मात्र निवेदन फारसे शिरत नाही. त्यामुळे या ग्रंथातील सद्गुणांचा आलेख एका विशिष्ट दिशेचा आहे. तो वरून खाली उतरणाऱ्या माणसाचा आलेख आहे. ब्राह्मण स्त्रीने दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यावे, ही तिच्यासाठी नम्रतेची साधना ठरते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्याच्या बाबतीत नम्रतेचा उपदेश कोणता अर्थ धारण करतो? त्याने आधी ताठ मानेने उभे राहणे हाच कदाचित त्याचा पहिला सद्गुण ठरेल. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, या प्रसंगातही धुणारा गुरू आहे, हे विसरता येत नाही. ज्याच्यावर पाय धुण्याची सक्ती आहे, त्याला त्या प्रसंगाचे अनुकरण करण्यास सांगणे म्हणजे त्याची स्थिती पक्की करणे होय. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील सद्गुणविचार पूर्ण व्हावयाचा, तर 'स्मृतिचित्रे'च्या शेजारी दलित ख्रिस्ती अनुभवाचे लेखन ठेवून दोन्ही वाचावी लागतील. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाची ही मर्यादा आहे. परंतु किंमत कोण मोजतो, हा प्रश्न विचारण्याची दृष्टी त्या ग्रंथानेच दिली असल्यामुळे तो प्रश्न त्याच्यावरही उलटवता येतो.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या 'मुक्ती'शी तुलना केल्यास या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्या त्या वसाहतीत सद्गुण हा एकट्या घरंदाज स्त्रीचा कस नव्हता. शेती, विणकाम, छपाई अशा कामांच्या सामुदायिक दिनक्रमात तो गुंफलेला होता. रमाबाईंनी साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यांचा मृत्यू १९२२ मध्ये झाला आणि ते भाषांतर त्यानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अॅलास्डेअर मॅकिंटायर याने 'आफ्टर व्हर्च्यू' (१९८१) मध्ये सद्गुणांची घडण सामायिक व्यवहार आणि समुदाय यांच्या आधारानेच होते, असे मांडले. मुक्ती सदन हे त्या विचाराचे मराठी भूमीतील जुने उदाहरण म्हणता येईल. मात्र तेथील शेकडो स्त्रियांमधून एकही 'स्मृतिचित्रे' मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात आले नाही. समुदायाने त्यांना आधार दिला, आवाज दिला असे म्हणता येत नाही. याउलट लक्ष्मीबाईंना आधार अपुरा होता. आवाज मात्र होता. नित्याच्या जीवनातील सद्गुणाला या दोन्ही गोष्टींची गरज असते, हे या तुलनेतून निष्पन्न होते.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर मराठी ख्रिस्ती लेखनाचे केंद्र काही प्रमाणात वसईकडे सरकले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये आले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जमीन, पाणी आणि दहशत यांविरुद्धच्या लढ्यांत त्यांनी घेतलेला भाग पाहता सद्गुणाचे क्षेत्र घराकडून गावाकडे आणि सार्वजनिक जीवनाकडे विस्तारले, असे दिसते. या विस्ताराचे स्वागत करतानाच 'स्मृतिचित्रे'ने घालून दिलेली कसोटी तेथेही लावता येईल. सार्वजनिक औदार्यामागे कोणाचे घर चालते आहे, त्यागमूर्तीच्या त्यागासाठी दुसऱ्या कोणी काय सोडले आहे, हे विचारणे म्हणजे त्या त्यागाचा अवमान नव्हे.

समीक्षेच्या दृष्टीने यातून काही गोष्टी हाती लागतात. धर्मविषयक आत्मचरित्र वाचताना निर्णयाच्या क्षणापेक्षा त्याच्या मागचापुढचा संथ काळ अधिक बोलका असतो. सद्गुणाची भाषा परकी आहे की देशी, यापेक्षा ती भाषा समाजातील कोणत्या तयार खोबणीत बसते आणि तेथे कोणाला जड जाते, हे पाहणे आवश्यक ठरते. विनोद, प्रांजळपणा, सहजता यांसारख्या नेहमीच्या शैलीवाचक शब्दांमागे नैतिक निवड दडलेली असू शकते, याचेही भान ठेवावे लागते. लक्ष्मीबाईंनी सिद्धांत मांडला नाही. पतीच्या थोरवीची आणि आपल्या घरच्या रिकाम्या डब्यांची हकीकत त्यांनी एकाच वाक्यरचनेत, एकाच आवाजात सांगितली. टिळकांचे अभंग गाताना त्या घरातील चूल आठवावी आणि चुलीची हकीकत वाचताना ते अभंग खोटे ठरू नयेत, असे वाचन अजून मराठीत रुळलेले नाही. 'ख्रिस्तायन' आणि 'स्मृतिचित्रे' शेजारी ठेवून वाचण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.